शेड उजेडात बघायची

"ही कोण?" मी विचारलं.

आक्कानं फ्रेमवरचा खाकी कागद अजून पुरता सोडवलाही नव्हता. ती तशीच थांबली.

"ही कोण म्हंजे? रत्ना न्हवं का!"

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. फोटोतल्या बाईच्या गळ्यात मोत्यांची माळ होती. अंगावर जांभळ्या काठांची रेशमी साडी होती, तसली साडी आमच्या घरात कधी आलीच नाही. मागं निळं आभाळ आणि गुलाबाची फुलं. नाक रत्नाचं होतं, डोळे रत्नाचे होते. बाकी सगळा चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा. कपाळावर लहानपणीच्या कांजिण्यांचा एक खोल वण होता, तोही गेलेला.

"कशी लक्ष्मीवानी दिसतीय बघ," आक्का म्हणाली. "श्राद्धाला भाऊबंद येणार. चारचौघांत फोटो बरा दिसाय नको?"

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. याला आता सहा वर्षं झाली, पण तो खाकी कागदाचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. माझं लग्नही तिनंच जमवलं. रत्नमालेला बघून आली तेव्हा म्हणाली होती, "नाकीडोळी नीटस हाय, कामाला वाघ हाय, रंग तेवढा…" ते अर्धं वाक्य तिनं पुढं पस्तीस वर्षं चालवलं. बारशात, हळदीकुंकवात, पोरगी झाली तेव्हा. रत्ना ऐकायची आणि भाकरी थापत राहायची.

"आक्का, हा फोटो मी लावणार नाही," मी म्हणालो.

"मग काय मिरच्यातला लावतोस? केस पिंजारल्याला? घाम आल्याला?"

मिरच्यातला म्हणजे खरा फोटो. रत्नाचा चांगला म्हणावा असा तो एकच होता. गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि ती सावलीला बसून देठं मोडत होती. आमची मुलगी मेघा माहेरपणाला आली होती. तिनं "आई" म्हणून हाक मारली आणि रत्नानं वर बघितलं. तोंडावर पदर घ्यायच्या आत मेघानं मोबाईलमध्ये टिपलं. त्याच फोटोतलं तोंड कापून स्टुडिओवाल्यानं त्या रेशमी साडीवर बसवलं होतं.

मी फ्रेम काखेत मारून त्याच्याकडं गेलो.

"काका, श्रद्धांजलीचे फोटो आम्ही सगळ्यांचेच उजळ करतो," तो म्हणाला. "आहे तसा दिला तर लोक परत आणून देतात."

"मी परत आणून द्यायलाच आलोय. मला आहे तसा पाहिजे."

"देतो की."

दुसऱ्या दिवशी दिला. साडी रत्नाची होती, मिरच्या होत्या, वण होता. रंग मात्र निम्म्यावरच आणला होता.

"थोडं ठेवलंय, काका. अगदीच बरं दिसत नव्हतं."

मी तो फोटो तिथंच ठेवला, आक्काची फ्रेम उचलली आणि बाहेर पडलो. दुसऱ्या एका स्टुडिओतही तेच झालं. मेघाला फोन करून म्हणालो, "घरी प्रिंटर घेतो."

"बाबा, एका फोटोसाठी? बरं, मी इथून ऑनलाइन मागवते."

"नको. मी डोळ्यांनी बघून घेणार."

आमच्या इचलकरंजीत कापड रंगवायच्या कारखान्याला प्रोसेस म्हणतात. मी तिथं एकतीस वर्षं शेड मास्तर होतो. पार्टी कापडाचा एक तुकडा आणून देते, त्याला सॅम्पल म्हणायचं. त्या तुकड्याच्या रंगाला हजार मीटर कापडाचा रंग जुळवायचा, हे माझं काम. हाताखालच्या पोरांना मी तीन गोष्टी शिकवायचो. शेड उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली नाही. ओल्यावर शेड सांगायची नाही, वाळू द्यायची. आणि सॅम्पल हातात असल्याशिवाय बोलायचं नाही, कारण डोळ्यात शेड राहत नाही. पाच मिनिटांत माणूस विसरतो आणि मनानं काहीतरी धरून बसतो.

आता माझंच सॅम्पल हातात नव्हतं. वर्षभरापूर्वी गेलेल्या बाईचा रंग मी कशाशी जुळवणार? रात्रभर विचार केला. सकाळी कपाट उघडलं आणि फोटोत तिच्या अंगात होता तो विटकरी ब्लाउज काढला. ते कापड आमच्याच प्रोसेसचं, त्या लॉटचा रंग मी स्वतः उतरवलेला. तुकडा उरला होता, मी घरी आणला, तिनं शिवला. ब्लाउज जुळला की तोंडही जुळायला पाहिजे, असा माझा हिशेब. तो पिशवीत घातला आणि मगदूम बाईंच्या दुकानात गेलो.

बाई चाळिशीच्या. कॉम्प्युटर, प्रिंटर, शाई असं त्यांचं दुकान. नवरा दुरुस्तीला बाहेर, काउंटर बाईंचा.

"घरीच पाहिजे ना, काका? काय काय काढणार? आधार, लाइट बिल, नातवंडांचे प्रोजेक्ट?"

"एक फोटो काढायचाय."

"एका फोटोला प्रिंटर? समोर स्टुडिओ आहे की!"

"तिथूनच आलोय."

बाईंनी माझ्याकडं जरा बघितलं आणि एक काळा ठोकळा दाखवला. "हा लेझर घ्या. कटकट नाही. यात पावडर असते, वाळायचा प्रश्नच नाही."

"पावडर कागदाच्या वर बसणार. मला आत मुरणारा रंग पाहिजे."

"मग इंकजेट. त्यात पण दोन प्रकारची शाई येते बघा, डाय आणि…"

"पिगमेंट."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"डाय सुताच्या आत जातो, पिगमेंट वरून चिकटतं. एकतीस वर्षं तेच केलंय, बाई. शेड मास्तर होतो."

"बोंबला," बाई म्हणाल्या. "आज माझं काय खरं नाही."

मी त्यांना सरळ सांगितलं, की मोबाईलमध्ये एक फोटो आहे. दुकानात जे इंकजेट जोडलेले आहेत, त्या प्रत्येकावर तो चांगल्या फोटोच्या कागदावर काढायचा. कागदाचे पैसे मी देईन. जो जुळेल तो घेईन.

पहिला साधा होता, शाईच्या दोन छोट्या डब्यांचा. फोटो बाहेर आला. मी तो कडेनं धरला, पिशवी घेतली आणि दाराकडं निघालो.

"काका, कुठं निघाला?"

"उजेडात."

"दुकानात एवढे लाइट लावलेत की!"

"तुमच्या लाइटात गाढवसुद्धा घोडा दिसंल."

फुटपाथवर उभा राहून मी पिशवीतून ब्लाउज काढला आणि फोटोशेजारी धरला. समोर रिक्षावाले उभे होते. त्यातला एक ओरडला, "काय मामा, ब्लाउज विकायला काढलाय काय?"

"तुझ्या मापाचा नाही," मी म्हणालो. बाकीचे खिदळले.

ब्लाउज गुलाबी आला होता. आत जाऊन म्हणालो, "लाल जास्त मारतोय. दुसरा."

दुसरा टाकीचा होता, चार रंगांचा. शाईच्या बाटल्या ओतायच्या आणि वर्षभर बघायचं नाही, असं बाईंनी सांगितलं. "घरच्या वापराला लोक हाच नेतात. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकायला आलो नाही," मी म्हणालो आणि फोटो बाहेर नेऊन दहा मिनिटं तसाच धरला.

बाई दारात आल्या. "आता काय?"

"वाळू दे."

"तो हाताला कोरडाच येतो, काका."

"हाताला कोरडा. रंगाला नाही."

वाळल्यावर सावलीचा भाग हिरवट निघाला. रत्नाच्या गळ्याखाली शेवाळ धरल्यासारखं. मी मान हलवली.

बाई आता वैतागल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती. "आता एकच राहिला बघा. सहा रंगांचा. फोटोसाठीच असतो. पण घरी कोण नेत नाही एवढा. आणि सांगून ठेवते, इंकजेट बंद ठेवला की शाई नळीत वाळते. आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढायला पाहिजे. तुमचा फोटो एक. मग पुढं काय करणार?"

"ते पुढचं पुढं. काढा."

तिसरा फोटो घेऊन बाहेर गेलो. वाळवला. ब्लाउज शेजारी धरला. विटकरीला विटकरी, धाग्याला धागा. मिरच्यांचा लाल बरोबर, साडीचा मोरपंखी बरोबर. पण तोंड? तोंड आक्काच्या फ्रेमइतकं नाही, तरी उजळलं होतं. वण पुसट झाला होता.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. रंग चुकला असता तर सगळीकडं चुकला असता. लॉट बिघडला की ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बिघडतो, एकाच जागी बिघडत नाही. एकाच जागी बिघडला तर समजायचं, कुणीतरी हात लावलाय.

आत जाऊन फोटो काउंटरवर ठेवला. "बाई, तुमची मशीन लबाडी करते. ब्लाउज सोडला, साडी सोडली, मिरच्या सोडल्या. नेमकं माणसाचं तोंड शोधून उजळ केलंय."

"मशीनला काय कळतंय, काका, तोंड कुठलं नि मिरची कुठली!"

"कळतंय. बघा तुम्ही."

बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. खाली खाली गेल्या. मग त्यांचा हात थांबला.

"अगं बाई. चेहरा आपोआप सुधारा, असं आहे. आधीपासूनच चालू असतंय." त्या स्वतःशीच हसल्या. "मी कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचे चांगले येतात म्हणून…"

"चांगले म्हणजे?"

बाईंनी ते बंद केलं आणि पुन्हा फोटो काढला. या वेळी थांबलेल्या गिऱ्हाइकांना "पाच मिनिटं" म्हणून त्या माझ्याबरोबर बाहेर आल्या. आम्ही दोघं फुटपाथवर कागद वाळायची वाट बघत उभे राहिलो.

वाळला. मी ब्लाउज धरला.

रत्ना माझ्याकडं बघत होती. पदर घ्यायच्या आधीची. उकळलेल्या चहासारखा रंग, नाकाच्या शेंड्यावर घाम, कपाळावर वण, आणि मेघानं पकडलं म्हणून ओठाच्या एका कोपऱ्यात आलेलं हसू.

"अशा दिसायच्या होय काकू?" बाईंनी विचारलं.

"अशीच."

"सासूबाईंचा फोटो लावलाय आम्ही," त्या म्हणाल्या. "गोरापान. माझी धाकटी विचारते, ही कोण?"

मी तो सहा रंगांचा घेतला. बाईंनी खोक्याला दोरी बांधताना विचारलं, "ते चेहऱ्याचं घरी बंद करायला जमेल ना?" मी त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं, मग माझं मी दोनदा केलं, तेव्हाच दुकान सोडलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी आक्का आली ती थेट माझ्या कपाटाकडं. स्टुडिओची फ्रेम तिथं ठेवली होती. ती काढून तिनं चौरंगावर मांडली, हार बाहेर काढला. मेघा आदल्या दिवशीच आली होती, ती स्वयंपाकघरातून बघत होती. भाऊबंद ओसरीवर जमायला लागले होते.

मी पक्कड घेऊन चौरंगाजवळ बसलो, फ्रेम पालथी केली आणि मागचे खिळे काढायला लागलो.

"आरं गजा, काय करायलायस?"

"फ्रेम तुझी, आक्का. चांगली आहे. फोटो माझा घालतो."

गोरी बाई बाहेर काढली आणि आक्काच्या हातात दिली. "ही बाई मला ठाऊक नाही. हिचं श्राद्ध मी घालणार नाही."

मिरच्यातली रत्ना काचेमागं बसवली, खिळे ठोकले, फ्रेम उभी केली. आक्का बघत राहिली.

"काळी दिसतीय," ती म्हणाली, हळू, ओसरीवर ऐकू जाऊ नये अशी.

"होती," मी म्हणालो, ओसरीवर ऐकू जाईल असं.

मेघा हात पुसत बाहेर आली. चौरंगासमोर बसून तिनं काचेवरचे माझ्या बोटांचे डाग पदरानं पुसले. तिचा हात आईच्या गालाशेजारी होता. काचेतला गाल आणि बाहेरचं मनगट एकाच लॉटचं. मी दुकानात ब्लाउज घेऊन नाचलो आणि सॅम्पल माझ्याच घरातलं होतं.

"आत्या," मेघा म्हणाली, "मी पण अशीच आहे. माझा आत्ताच गोरा करून ठेवू का? ऐनवेळी घाई नको."

"शुभ बोल की गं!" आक्काचे डोळे भरून आले. "मी काय वाईट चितलं व्हय तिचं? लग्नानंतरचा जोडफोटो बघा तुमचा. त्यात कशी उजळ दिसतीय. सगळी म्हणली, जोडा शोभतोय. तवा केलं ते चाललं की. तवा कुणी केलं हुतं? मी न्हाई."

तिला खरंच माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ठाऊक असलेली एक रत्ना होती, ती गेली.

"मी केलं होतं," मी म्हणालो.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी आम्ही जोडफोटो काढायला गेलो होतो. त्या काळी काळेपांढरे फोटो, स्टुडिओवाला निगेटिव्हला पेन्सिल लावून सुधारून द्यायचा. रत्ना खुर्चीवर, मी मागं उभा. फोटो झाल्यावर मी पुढं होऊन म्हणालो, "हिचा जरा उजळ काढा." हळू म्हणालो, असं मला वाटलं होतं. ती दोन हात अंतरावर पदर सारखा करत होती. तिनं ऐकलं.

परत येताना तिनं विचारलं, "पार्टीनं आणलेलं सॅम्पल तुम्हाला आवडलं नाही, तर ते बदलता होय?"

मी नवा नवा प्रोसेसला लागलेला. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "छे! सॅम्पलला हात लावायचा नसतो. आपला रंग त्याला जुळवायचा असतो."

"हां," ती म्हणाली.

तेवढंच. भांडली नाही, रडली नाही. पण त्यानंतर पस्तीस वर्षं ती फोटोला बसली नाही. मेघाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचा हात आहे, ताट आहे, पाठ आहे, पदर आहे. तोंड एकाही पानावर नाही. लोक म्हणायचे, लाजते. मीही म्हणायचो, लाजते.

हे सगळं मी आक्काला सांगितलं, तिथंच, चौरंगासमोर बसून. ओसरीवरचे भाऊबंद ऐकत होते. मेघा माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी दया नव्हती. ते बरंच झालं.

"म्हणून तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही, आक्का," मी म्हणालो. "पहिला हात मी लावला. पण शेवटचा लावू देणार नाही. तुला नाही, स्टुडिओला नाही, मशीनला नाही."

आक्का म्हणाली, "हा फोटो हितं असंल तर मी जेवाय बसणार न्हाई."

"ताट वाढून ठेवतो."

विधी झाला, पंगत झाली. आक्का मागच्या खोलीत बसून राहिली. चार वाजता सगळे गेल्यावर बाहेर आली आणि फोटोकडं पाठ करून जेवली. जाताना हातातली गोरी बाई तिनं घरी नेली. तिच्या देवघराशेजारी ती अजून आहे. मी गेलो की आक्का मला चहा देते आणि त्या बाईबद्दल आम्ही बोलत नाही.

प्रिंटरचं मगदूम बाईंनी सांगितलेलं खरं होतं. आठवड्यातून एकदा रंगीत पान काढलं नाही तर शाई नळीत वाळते. माझ्याकडं काढण्यासारखं दुसरं काही नाही. म्हणून दर रविवारी सकाळी मी तोच फोटो काढतो. मेघा फोनवर रागावते, एवढी शाई, एवढा कागद. मी म्हणतो, मशीन चालू राहायला पाहिजे.

फोटो गच्चीवर नेतो, वाळू देतो, ब्लाउज शेजारी धरतो. सहा वर्षं उन्हात धरून ब्लाउज आता उतरलाय. खांद्यावर पिवळट झालाय, फोटोतल्या विटकरीला जुळत नाही. गेल्या रविवारी तो घडी घालून कपाटात ठेवला आणि नुसताच कागद घेऊन वर गेलो.

उजेडात बघितलं. बरोबर होती.

डोळ्यात शेड राहत नाही, असं मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. चुकीचं शिकवलं.